फार्मसी शिक्षणाची मान्यता : अधिकार कोणाचा, मर्यादा कोणती?

भारतात फार्मसीची पदवी मिळाल्याने कोणीही आपोआप फार्मासिस्ट होत नाही. पदवी विद्यापीठ देते. परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध तयार करण्याचा किंवा देण्याचा कायदेशीर हक्क राज्य फार्मसी परिषदेच्या नोंदवहीत नाव लागल्यानंतरच मिळतो, आणि ज्या अभ्यासक्रमातून व ज्या परीक्षेतून ती पदवी आली त्या दोहोंना केंद्रीय परिषदेची मान्यता असल्याखेरीज ते नाव लागत नाही. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयात जातो तेव्हा वरवर पाहता तो संस्थाचालक आणि नियामक यांच्यातील वाद दिसत असला, तरी त्याच्या निकालावर त्या वर्गात चार वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याचे भवितव्य आणि त्याच्या हातून औषध घेणाऱ्या रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते. गेल्या काही वर्षांत या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले दोन निकाल विशेष महत्त्वाचे आहेत. फार्मसी शिक्षणावर अधिकार कोणाचा हे 2020 च्या निकालाने ठरवले, तर तो अधिकार कोणत्या मर्यादेत वापरायचा हे 2022 च्या निकालाने सांगितले. हे दोन्ही निकाल एकत्र वाचल्याशिवाय मान्यतेच्या वादाचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात औषधांच्या व्यापारावर आणि ती हाताळणाऱ्यांच्या शिक्षणावर फारसे नियंत्रण नव्हते. भेसळयुक्त व निकृष्ट औषधांविषयीच्या तक्रारी वाढल्यावर 1930 मध्ये कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी सादर झालेल्या तिच्या अहवालात औषधांच्या दर्जाबरोबरच औषध व्यवसायाच्या नियमनाचाही प्रश्न मांडण्यात आला. याच सुमारास, 1932 मध्ये, बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणाला आरंभ झाला. औषधांचे उत्पादन व विक्री यांसाठी 1940 चा औषध कायदा आला, तर औषध देणाऱ्या माणसाच्या शिक्षणासाठी व नोंदणीसाठी स्वातंत्र्यानंतर 1948 चा फार्मसी कायदा करण्यात आला आणि त्याखाली 1949 मध्ये भारतीय फार्मसी परिषद, म्हणजे सर्वसाधारण बोलण्यातली पीसीआय, स्थापन झाली.

या परिषदेची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढे न्यायालयातील युक्तिवादात तिला वजन आले. औषधनिर्माण रसायनशास्त्र, औषधक्रियाशास्त्र, वनौषधिशास्त्र यांसारख्या विषयांचे विद्यापीठीय अध्यापक, केंद्र सरकारने नेमलेले सदस्य, आरोग्यसेवा महासंचालक, औषध नियंत्रक, तसेच प्रत्येक राज्यातून निवडून आलेले नोंदणीकृत फार्मासिस्ट आणि राज्य सरकारचे प्रतिनिधी यांची मिळून ही परिषद बनते. विद्यापीठ अनुदान आयोग व तंत्रशिक्षण परिषद यांनाही तिच्यात प्रत्येकी एक जागा आहे.

कायद्याचे कलम 10 परिषदेला शिक्षण विनियम करण्याचा अधिकार देते. विनियम म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकारात केलेले आणि कायद्याइतकेच बंधनकारक असलेले तपशीलवार नियम होत. मात्र ते लागू होण्यासाठी त्यांना केंद्र सरकारची मंजुरी मिळावी लागते आणि ते राजपत्रात प्रसिद्ध व्हावे लागतात. दोन वर्षांचा डी. फार्म., चार वर्षांचा बी. फार्म. आणि एक वर्षाच्या आंतरवासितेसह सहा वर्षांचा फार्म. डी. हे अभ्यासक्रम अशाच विनियमांनी बांधलेले आहेत.

मान्यतेचा गाभा कलम 12 मध्ये आहे. अभ्यासक्रम चालवणारी संस्था परिषदेकडे अर्ज करते. परिषद योग्य ती चौकशी करते. आणि अभ्यासक्रम शिक्षण विनियमांशी सुसंगत असल्याची खात्री पटली, तर तो मान्य अभ्यासक्रम असल्याचे तिने जाहीर करावयाचे असते. त्याच कलमात परीक्षेच्या मान्यतेची स्वतंत्र तरतूद आहे, म्हणजे नुसता अभ्यासक्रम मान्य असून भागत नाही, तर ज्या परीक्षेने पदवी मिळते ती परीक्षाही मान्य असावी लागते. कलम 13 नुसार मान्यता काढूनही घेता येते. पण त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते, संस्थेला राज्य सरकारमार्फत आपले म्हणणे मांडण्यास तीन महिन्यांची मुदत मिळते, आणि त्यानंतरच अमुक तारखेपूर्वी पूर्ण झालेला अभ्यासक्रमच मान्य समजला जाईल असे परिषद जाहीर करू शकते. संस्थेचे म्हणणे ऐकल्याशिवाय तिच्याविरुद्ध निर्णय घेऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व या कलमात लेखी स्वरूपात उतरलेले आहे.

तपासणीत नेमके काय पाहिले जाते

मान्यतेच्या बहुतेक वादांची सुरुवात न्यायालयात होत नाही, तर महाविद्यालयाच्या इमारतीत होते. कलम 16 खाली नेमलेले निरीक्षक प्रयोगशाळांची संख्या व क्षेत्रफळ मोजतात. गोळ्या तयार करण्याचे यंत्र, औषध किती वेळात विरघळते हे तपासणारे उपकरण, निर्जंतुक कक्ष आणि यंत्रकक्ष चालू स्थितीत आहेत का ते पाहतात. औषधी वनस्पतींचे उद्यान, ग्रंथालयातील पुस्तके, अध्यापकांची हजेरीपत्रके, नेमणूकपत्रे आणि वेतनाच्या नोंदी तपासतात. व्याख्यानाच्या वर्गात साठ विद्यार्थ्यांमागे एक आणि प्रात्यक्षिकात वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असावा, ही अपेक्षा कागदावर साधी वाटते. पण हेच प्रमाण प्रत्यक्षात पाळायचे, तर साठाच्या तुकडीचे प्रात्यक्षिक तीन गटांत विभागावे लागते, आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र अध्यापक व पुरेशी उपकरणे द्यायची म्हटली की प्रवेशक्षमता वाढवण्याचा खर्च ठळकपणे समोर येतो.

निरीक्षकांच्या अहवालाची प्रत संस्थेला द्यावी लागते आणि तिच्यातील त्रुटींना उत्तर देण्याची संधी मिळते. एखादी त्रुटी दूर झाली की नाही, अध्यापक खरोखर कामावर आहे की केवळ तपासणीच्या दिवसापुरता हजर आहे, अशा तथ्यांच्या प्रश्नांत उच्च न्यायालये सहसा स्वतःचे मत परिषदेच्या मतावर लादत नाहीत, कारण दर्जाचे मूल्यमापन हे तज्ज्ञांचे काम मानले जाते. मात्र निर्णय कारणे न देता झाला असेल, संस्थेची बाजू ऐकली गेली नसेल किंवा कायद्यात नसलेला निकष लावला गेला असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद 226 खालील याचिकेत न्यायालय तो रद्द करू शकते किंवा फेरविचारासाठी परत पाठवू शकते.

एका शाखेला दोन नियामक

1987 मध्ये संसदेने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा, म्हणजे एआयसीटीईचा, कायदा केला. त्यात तंत्रशिक्षणाची व्याख्या करताना अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नगररचना, व्यवस्थापन यांच्याबरोबर फार्मसीचाही उल्लेख केला गेला, आणि नव्या संस्था व नवे अभ्यासक्रम सुरू करण्यास मान्यता देण्याचे कार्य त्या परिषदेकडे सोपवले गेले. 1948 चा कायदा रद्द झालेला नव्हता. त्यामुळे फार्मसी महाविद्यालयाला दोन दारे ठोठावावी लागू लागली. एआयसीटीईने वाढीव प्रवेशक्षमता मंजूर करावी आणि पीसीआयने ती नाकारावी, किंवा एकीने दुसऱ्या पाळीतील वर्गाला परवानगी द्यावी आणि दुसरीने त्या वर्गातील विद्यार्थ्यांची नोंदणी होणार नाही असे कळवावे, अशा परिस्थितीत संस्था आपल्या सोयीचा आदेश पुढे करीत आणि विद्यार्थ्यांना वादाची कल्पना बहुधा प्रवेशानंतरच येत असे.

हा प्रश्न निर्णायक स्वरूपात पुढे आला तो विदर्भातून. डॉ. एस. के. तोष्णीवाल एज्युकेशनल ट्रस्टच्या विदर्भ इन्स्टिट्यूट ऑफ फार्मसी व इतर संस्थांच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाने प्रवेशक्षमतेच्या बाबतीत संस्थांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याविरुद्ध भारतीय फार्मसी परिषद सर्वोच्च न्यायालयात गेली. संस्थांचा युक्तिवाद सरळ होता: एआयसीटीईचा कायदा नंतरचा आहे, त्याच्या व्याख्येत फार्मसी हा शब्द स्पष्टपणे आहे, म्हणून त्या मर्यादेपर्यंत जुना कायदा गर्भितपणे रद्द झाला असे मानावे. गर्भित रद्दता म्हणजे संसदेने तसे शब्दांत न सांगताही नव्या कायद्यामुळे जुना निष्प्रभ झाला असे समजणे.

5 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. फार्मसी कायदा हा अभ्यासक्रमापासून नोंदणीपर्यंत आणि तेथून व्यवसायापर्यंत सर्व बाबी हाताळणारा स्वयंपूर्ण व विशेष कायदा आहे, तर तंत्रशिक्षणाचा कायदा अनेक शाखांना लागू होणारा सर्वसाधारण कायदा आहे. आणि विशेष कायदा आधीचा असला तरी नंतरच्या सर्वसाधारण कायद्याने तो झाकोळला जात नाही, हे कायद्याच्या अर्थनिर्णयाचे जुने तत्त्व न्यायालयाने लागू केले. फार्मसी परिषद ही त्या क्षेत्रातील तज्ज्ञांची संस्था आहे, ही बाबही न्यायालयाने महत्त्वाची मानली. पदवी व पदविकांच्या मान्यतेबरोबरच प्रवेशक्षमता वाढवणे किंवा कमी करणे यांबाबतही परिषदेचेच निकष पाळावे लागतील, असे निकालात निःसंदिग्धपणे सांगितले गेले. त्याच वेळी, खटला चालू असताना अंतरिम आदेशांच्या आधारे जे विद्यार्थी आधीच वर्गात बसले होते त्यांना या निकालाची झळ लागू नये याचीही न्यायालयाने काळजी घेतली.

या निकालाला चार महिन्यांपूर्वीचा एक समांतर निकाल आधार म्हणून उपलब्ध होता, आणि त्याचाही उगम महाराष्ट्रातच होता. कोल्हापूरच्या श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाच्या प्रकरणात 8 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वास्तुशास्त्राच्या शिक्षणापुरता 1972 चा वास्तुविशारद कायदा एआयसीटीईच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरवला होता. ज्या व्यवसायाची नोंदवही एका परिषदेच्या हाती आहे, त्या व्यवसायाच्या शिक्षणाचा दर्जाही त्याच परिषदेने ठरवावा, हा विचार दोन्ही निकालांतून दिसतो, आणि तो योग्यही आहे. कारण पदवीधराला व्यवसायात घेण्याची जबाबदारी एका संस्थेवर आणि त्याला घडवणाऱ्या वर्गावरची देखरेख दुसऱ्या संस्थेवर असेल, तर दोहोंपैकी कोणालाही जाब विचारता येत नाही.

नव्या महाविद्यालयांवरील बंदी

अधिकार कोणाचा हे ठरण्याच्या आधीच त्याच्या वापराविषयीचा दुसरा वाद उभा राहिला होता. फार्मसी महाविद्यालयांची संख्या गरजेपेक्षा फार झाली आहे आणि त्यामुळे शिक्षणाचा दर्जा खालावत आहे, असे मत होऊन 17 जुलै 2019 रोजी परिषदेने 2020-21 या शैक्षणिक वर्षापासून पाच वर्षे नवी पदविका व पदवी महाविद्यालये उघडू न देण्याचा ठराव केला, आणि 9 सप्टेंबर 2019 रोजी त्यात काही बदल केले. सरकारी संस्था, ईशान्येकडील राज्ये आणि पदविका व पदवी मिळून पन्नासपेक्षा कमी संस्था असलेली राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांना त्यातून सूट होती, आणि आधीपासून मान्यता असलेल्या संस्थांना वाढीव प्रवेशक्षमतेसाठी अर्ज करण्याची मुभाही होती.

या ठरावाला संस्थांनी ठिकठिकाणी आव्हान दिले आणि कर्नाटक, दिल्ली व छत्तीसगड या उच्च न्यायालयांनी 2020 ते 2022 या काळात तो अवैध ठरवला. परिषदेच्या अपिलांवर 15 सप्टेंबर 2022 रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह यांच्या खंडपीठाने निकाल दिला; राजीव कॉलेज ऑफ फार्मसी या कर्नाटकातील संस्थेच्या नावाने तो ओळखला जातो.

या निकालाचा पाया वीस वर्षांपूर्वीच्या टी. एम. ए. पै प्रतिष्ठान प्रकरणात आहे. ऑक्टोबर 2002 मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शैक्षणिक संस्था स्थापन करणे हा संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(छ) मधील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले होते. मूलभूत हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतात; पण अनुच्छेद 19(6) नुसार ते कायद्याने घालावे लागतात. येथे कायदा या शब्दात संसदेचा अधिनियम येतो, तसे त्याखाली रीतसर केलेले नियम व विनियमही येतात. मात्र कार्यकारी स्वरूपाचा आदेश किंवा ठराव येत नाही. परिषदेने बंदी घातली ती विनियम करून घातली नव्हती. केंद्र सरकारची मंजुरी आणि राजपत्रातील प्रसिद्धी या दोन्ही टप्प्यांतून न गेलेल्या केवळ एका ठरावाने मूलभूत हक्काचा संकोच होऊ शकत नाही, या कारणावर न्यायालयाने बंदी टिकू दिली नाही.

या निकालाचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. नवी महाविद्यालये हवी तितकी उघडावीत असे न्यायालयाने म्हटलेले नाही. महाविद्यालयांच्या बेसुमार वाढीला आळा घालण्याची गरज असू शकते हे खंडपीठाने मान्य केले, आणि अर्जांची छाननी करताना संबंधित घटक विचारात घेण्यास परिषदेला मोकळीक असल्याचेही नमूद केले. आक्षेप होता तो साधनावर, हेतूवर नव्हे. कलम 12 च्या शब्दांकडे पाहिले तर ही बाब आणखी स्पष्ट होते. ते कलम परिषदेला प्रत्येक अर्जाची चौकशी करून निर्णय घ्यायला सांगते, तर सरसकट बंदी म्हणजे कोणत्याही अर्जाची चौकशी न करता दिलेला नकार असतो. शिवाय संख्या हीच दर्जाची शत्रू असेल, तर जुन्या संस्थांना जागा वाढवू द्याव्यात आणि नव्या संस्थेला तिची प्रयोगशाळा कशीही असली तरी दाराबाहेर ठेवावे, यात सुसंगती राहत नाही.

वेळापत्रक आणि विद्यार्थी

मान्यतेचा निर्णय योग्य असून भागत नाही, तो वेळेवरही व्हावा लागतो. ठाण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संबंधात निर्माण झालेल्या पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्ट प्रकरणात डिसेंबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तंत्रशिक्षणासाठी वेळापत्रक आखून दिले: मान्यता देण्या-नाकारण्याची प्रक्रिया 10 एप्रिलपर्यंत, विद्यापीठाची संलग्नता 15 मेपर्यंत आणि वर्गांचा आरंभ 1 ऑगस्टला. संलग्नता म्हणजे महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना आपल्या परीक्षेस बसवून आपली पदवी देण्यास विद्यापीठाने दिलेली संमती. ती परिषदेच्या मान्यतेहून वेगळी असते आणि पदवीच्या अभ्यासक्रमाला दोन्ही लागतात. मान्यतेच्या याद्या लांबल्या की प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, पहिले सत्र आक्रसते, आणि ज्या प्रात्यक्षिकांच्या दर्जासाठी सारी तपासणी केली त्यांनाच कात्री लागते.

याहून गंभीर प्रश्न अंतरिम आदेशांचा आहे. मान्यता नाकारलेली संस्था न्यायालयात जाते, निकाल लागेपर्यंत प्रवेश देण्याची तात्पुरती परवानगी मिळवते, आणि अंतिम सुनावणीच्या वेळी विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाईल हा मुद्दा पुढे करते. या वाटेने जाण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच इशारा दिलेला आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध विकास साहेबराव रौंदळे या 1992 च्या प्रकरणात, मान्यता नसलेल्या व सुविधांचा अभाव असलेल्या अध्यापक विद्यालयांच्या विद्यार्थ्यांना सहानुभूतीपोटी परीक्षेस बसू देणे न्यायालयाने चुकीचे ठरवले होते, कारण अपुरे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाची किंमत त्याच्या हाताखाली शिकणारी मुले मोजतात. हाच न्याय फार्मसीला अधिक काटेकोरपणे लागू पडतो. औषध नियम 1945 मधील नियम 65 अन्वये चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. ती देखरेख करणाऱ्याने मात्रा, औषधांची परस्परक्रिया आणि साठवणुकीचे नियम खऱ्या प्रयोगशाळेत शिकलेले नसतील, तर दुकानात टांगलेले नोंदणी प्रमाणपत्र रुग्णाला कोणतेही संरक्षण देऊ शकत नाही.

म्हणूनच प्रवेश घेताना विद्यार्थ्याने व पालकांनी संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नये. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या विशिष्ट शैक्षणिक वर्षासाठी परिषदेने किती जागा मंजूर केल्या आहेत, संलग्नता कोणत्या विद्यापीठाची आहे, आणि मान्यता न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर अवलंबून आहे का, या तीन गोष्टी परिषदेच्या व प्रवेश प्राधिकरणाच्या याद्यांवरून पडताळून पाहाव्यात. संस्थेच्या एका अभ्यासक्रमाला मान्यता आहे म्हणून तिच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला ती आपोआप मिळत नाही.

पुढची दिशा

नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय फार्मसी आयोग विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. 1948 च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घ्यावी हा त्यामागील उद्देश आहे. नियामकाचे नाव परिषद असो वा आयोग, वर पाहिलेल्या दोन निकालांनी घालून दिलेली चौकट मात्र त्यालाही चुकवता येणार नाही. फार्मसी शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार त्या क्षेत्रातील विशेष संस्थेचा आहे, हे तिला मिळालेले बळ आहे. आणि तो अधिकार मंजूर व प्रसिद्ध विनियमांतून, प्रत्येक अर्जाची स्वतंत्र छाननी करून व कारणे देऊन वापरला पाहिजे, ही त्या बळाबरोबर आलेली जबाबदारी आहे.

महाविद्यालयांची गर्दी ही खरी समस्या असेल, तर तिच्यावर दोन कायदेशीर उपाय उपलब्ध आहेत. गरजेचा विचार करणारे निकष विनियमांत समाविष्ट करून केंद्र सरकारच्या मंजुरीने लागू करता येतात. आणि दुसरे, त्याहून कठीण पण अधिक परिणामकारक काम म्हणजे नव्या संस्थेइतकीच कडक तपासणी जुन्या संस्थांचीही करणे, अध्यापकांच्या व उपकरणांच्या नोंदी सार्वजनिक करणे, आणि ज्या संस्थेत शिक्षण उरलेले नाही तिच्याविरुद्ध कलम 13 ची कारवाई मुदतीत पूर्ण करणे. सरसकट बंदीमुळे चांगली नवी संस्था अडते आणि वाईट जुनी संस्था तगते. काटेकोर, वेळेवर आणि उघड तपासणीत मात्र चांगल्या-वाईटाची निवड होते. न्यायालये अधिकाराच्या सीमा आखून देऊ शकतात, परंतु प्रयोगशाळेत वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक खरोखर उभा आहे की नाही हे पाहण्याचे काम नियामकाचेच आहे, आणि ते काम प्रामाणिकपणे झाले तर मान्यतेचे बहुतेक खटले न्यायालयाची पायरी चढण्याआधीच संपतील.